एच-वन-बीवर भांडण्याआधी एलसीए वाचायला शिका

एच-वन-बी म्हणजे कुशल कामगारांना अमेरिकेत नोकरीसाठी मिळणारा व्हिसा. एका बाजूचं म्हणणं, एच-वन-बी म्हणजे स्वस्तातली माणसं. दुसरी बाजू म्हणते, अमेरिकेत माणसंच मिळत नाहीत. गंमत म्हणजे दोघंही पुरावा म्हणून एकच कागद नाचवतात: लेबर कंडिशन ॲप्लिकेशन, म्हणजे एलसीए. व्हिसाच्या अर्जाआधी कंपनी तो अमेरिकेच्या कामगार खात्याकडे भरते आणि त्यात पगार, काम, कामाचं ठिकाण लिहून देते. ही माहिती जाहीर असते, त्यामुळे कोणी आकडा तोंडावर फेकला तर तो पडताळता येतो.

कामगार खात्याच्या फॉरेन लेबर विभागाच्या संकेतस्थळावर 'परफॉर्मन्स डेटा' असं पान आहे. तिथून एलसीएची एक्सेल फाइल उतरवा. सरकारी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि फाइल जड असते, म्हणून आधी एकच तिमाही घ्या.

आता चाळणी लावा. 'व्हिसा क्लास' मध्ये फक्त एच-वन-बी ठेवा, नाहीतर ऑस्ट्रेलियाचा ई-थ्री आणि चिली-सिंगापूरचे अर्जही मोजले जातील. 'केस स्टेटस' मध्ये 'सर्टिफाइड' ठेवा. मग 'न्यू एम्प्लॉयमेंट' हा रकाना बघा; त्यात नव्या नेमणुका किती ते कळतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एलसीए म्हणजे व्हिसा नव्हे. मुदतवाढ, नोकरीबदल, कामाचं शहर बदलणं, या सगळ्यांसाठी नवा एलसीए लागतो. म्हणून नव्या व्हिसांची वार्षिक मर्यादा 65,000 आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000 एवढीच असली, तरी मंजूर एलसीए काही लाख असतात. शिवाय एका एलसीएवर अनेक जागा असू शकतात. तेव्हा ओळी मोजू नका, 'वर्कर पोझिशन्स' ची बेरीज करा.

पगार बघताना आधी एकक तपासा: वर्षाचा की तासाचा? तासाचा असेल तर 2,080 ने गुणा. हे विसरलं की सरासरी कोसळते आणि 'बघा किती पिळवणूक' म्हणणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं. उलट बाजूनं, हा आकडा मूळ पगाराचा असतो. मोठ्या कंपन्या जे शेअर देतात ते सहसा त्यात दिसत नाहीत.

खरा मुद्दा 'वेज लेव्हल' चा. त्या भागात त्या कामाला मिळणाऱ्या पगाराच्या चार पायऱ्या केलेल्या असतात, साधारण 17, 34, 50 आणि 67 व्या पर्सेंटाइलवर. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या मध्यापेक्षा खालीच. पायरी कंपनी स्वतः ठरवते आणि खातं सात कामकाजी दिवसांत अर्ज पूर्ण आहे का, उघड चूक आहे का, एवढंच पाहतं. म्हणून हुद्दा आणि पायरी शेजारी ठेवून वाचा. 'सीनियर आर्किटेक्ट' आणि लेव्हल एक असं दिसलं, तर प्रश्न विचारायला जागा आहे. व्यवसायाचा कोडही बघा: सॉफ्टवेअर डेव्हलपरचा 15-1252, सिस्टिम्स ॲनालिस्टचा 15-1211. काम डेव्हलपरचं आणि कोड ॲनालिस्टचा असेल, तर किमान पगाराची रेषाच बदलते. ती रेषा खात्याच्या वेतन-शोध पानावर शहर आणि कोड टाकून मिळते. वेतनवर्ष 1 जुलै ते 30 जून असतं, ते जुळवून घ्या. 2026 च्या हंगामापासून नवे व्हिसा वाटण्यासाठीच्या लॉटरीतही वरच्या पायरीला जास्त वजन मिळू लागलंय, त्यामुळे या रकान्याला आता आणखी महत्त्व आलंय.

'सेकंडरी एंटिटी' मध्ये 'यस' असेल, तर माणूस दुसऱ्याच कंपनीच्या ऑफिसात बसणार आहे. सोबत 'एच-वन-बी डिपेंडंट' बघा. 51 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत 15 टक्के किंवा अधिक एच-वन-बीवाले असले की ती डिपेंडंट ठरते. अशा कंपनीला स्थानिक माणसाला हटवणार नाही, आधी स्थानिक उमेदवार शोधू, अशी जादा हमी द्यावी लागते. पण नेमणूक वर्षाला किमान 60,000 डॉलर पगाराची किंवा मास्टर्सवाल्याची असेल, तर या हमीतून सूट. हा आकडा 1998 च्या कायद्यातला, तेव्हापासून जागचा हललेला नाही. 2015 मध्ये डिस्नेच्या ऑर्लँडोतल्या आयटीवाल्यांनी आपल्याच जागी येणाऱ्यांना शिकवावं लागल्याची तक्रार केली, तेव्हा चर्चेत आली ती हीच फट.

पुण्याहून किंवा हैदराबादहून स्वतः जाणार असाल, तर कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत एलसीएची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. त्यातला पगार ऑफर लेटरशी ताडून बघा. प्रोजेक्ट नाही म्हणून कंपनीनं 'बेंच' वर बसवलं, तरी लिहिलेला पगार द्यावाच लागतो. काम दुसऱ्या महानगर परिसरात हलवलं, तर नवा एलसीए आणि सुधारित अर्ज आधी जायला हवा. पगार बुडाला तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-फोर अर्ज 12 महिन्यांच्या आत द्या. पगाराच्या स्लिपा आणि बेंचवर बसवल्याचे ईमेल कंपनीच्या लॅपटॉपवर नव्हे, स्वतःजवळ ठेवा.