या चुका टाळा: शेवटच्या इच्छेबद्दल बोलायला सिस्टरना शिकवताना

रात्रीचे दोन. बीडकडचे एक आबा म्हणतात, "सिस्टर, मला घरला न्या." नवी सिस्टर लगेच, "असं बोलू नये आबा, बरे होऊन जाणार तुम्ही." विषय संपला. प्रशिक्षणात सगळ्यात आधी मोडायची सवय हीच. त्याऐवजी विचारायचं, "घरी गेल्यावर काय करायचंय, आबा?" आणि गप्प बसायचं. कुणाला ऊसतोडीला गेलेल्या लेकाची वाट बघायची असते, कुणाला नाकातली नळीच नको असते. हे गप्प बसणं शिकवणं फार अवघड. सरावात मी मनात दहापर्यंत आकडे मोजायला लावते. तीनच्या पुढं जाताना भल्याभल्यांची चुळबुळ होते.

दुसरी चूक आपली, शिकवणाऱ्यांची. सरावाचे संवाद पुस्तकी मराठीत लिहितो. "आपल्या अंतिम इच्छा काय आहेत?" असं विचारलं तर आबांना वाटेल, जमिनीच्या कागदावर अंगठा घ्यायला आलेत! "जिवाला कशाचा घोर लागलाय?" हे कळतं. 'स्पाइक्स'च्या, म्हणजे वाईट बातमी सांगायच्या पद्धतीच्या, सहा पायऱ्या जरूर शिकवा, पण सिस्टरच्या रोजच्या कामाची आहे ती दुसरी: पेशंटला काय ठाऊक आहे ते आधी विचारणं. आजार किती पुढं गेलाय, हे सांगणं डॉक्टरांचं काम.

लेक दारातच अडवतो, "बाबांना काही सांगू नका." त्याच्याशी वाद घालू नका. "मी आपणहून काही सांगणार नाही, दादा. पण त्यांनीच विचारलं तर खोटं कसं बोलू?" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा तोच खाली बसून रडतो.

लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा, फॉर्म पहिल्याच तासाला वाटू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली, 2023 मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मात्र तो कागद लागू होतो पेशंटला स्वतः ठरवता येईनासं झाल्यावर. शुद्धीतला माणूस बोलतोय तोवर त्याचंच ऐकायचं.

आणि नोंद. "धीर दिला" एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून डॉक्टरांना काय कळणार? आबांचे शब्द जसेच्या तसे लिहा: "नळी नको, घरच्या बाजेवर पडू द्या." सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे ड्युटी सोपवताना, ते वाक्य मोठ्यानं वाचा. नाहीतर राउंड होऊन जातो आणि नळी तशीच राहते.