घरगुती धंद्याची रील कशी करावी: सुरुवात उखळापासून, नमस्कारापासून नाही

सोलापुरात शेंगा चटणी विकणारे गल्लोगल्ली आहेत, कडक भाकरीवाले तितकेच. अशा गावात ‘आमच्याकडे अस्सल सोलापुरी शेंगा चटणी मिळेल’ अशी रील टाकणं म्हणजे पंढरपुरात ‘येथे बुक्का मिळेल’ अशी पाटी लावणं. मी घरातून चटणी-भाकरी विकते आणि पहिलं दीड वर्ष असल्या पाट्याच लावत होते. खाली चटणीचं उदाहरण घेते, पण चाटी गल्लीतल्या कापडवाल्याला, चादर-टॉवेल विकणाऱ्याला, ब्लाउज शिवणारीलाही हे चालेल.

इन्स्टाग्रामचं बिझनेस खातं आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचा कॅटलॉग तयार आहे, असं धरून चालते.

1. वस्तू नको, काम निवडा

‘चटणी’ हा रीलचा विषय होत नाही. दाणे भाजणं, कुटणं, भाकरी कडक करणं, पार्सल बांधणं हे विषय. एका रीलला एकच.

2. उजेड

सकाळी, दाराजवळ, ट्यूबलाइट बंद. फोन उभा. लेन्स पदराने पुसा, कारण स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा हात असतोच.

फिल्टर मात्र लावू नका. चटणी लालभडक दिसावी म्हणून मी एकदा रंग चढवला. ठाण्याला पार्सल पोचलं आणि फोन आला, ‘ताई, दाखवलीत ती वेगळी आणि पाठवलीत ती वेगळी का?’ चटणी तीच होती. तरी पैसे परत केले, कारण खोटं मीच बोलले होते.

3. पहिला शॉट

दीड वर्ष मी अडकले ते इथे. माझी रील अशी असायची: आधी नाव आणि लोगो गरगरत यायचा, मग मी ‘नमस्कार मंडळी, आज आपण…’, मग बरणी. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आपल्या खात्याच्या आकडेवारीत, रीलचा एक आलेख दिसतो, बघणारे कुठल्या सेकंदापर्यंत टिकले त्याचा. माझा आलेख तिसऱ्या सेकंदाला विहिरीत पडलेला असायचा. चटणी दिसायची नवव्या सेकंदाला!

लोगो काढला. नमस्कार काढला. सुरुवातीला बरणीच जवळून दाखवली. आलेख विहिरीतच. बरणी हलत नाही, तिचं काही होत नाही, माणूस थांबेल कशाला? मग सोशल मीडिया शिकवणाऱ्या एकाने फी घेऊन सांगितलं, सुरुवातीलाच प्रश्न विचारायचा: ‘तुम्हाला माहीत आहे का सोलापुरी चटणीचं रहस्य?’ विचारला. रहस्य कुणालाच नको होतं.

सुटलं ते चुकून. सासूबाई उखळात चटणी कुटत होत्या. मी फोन स्टीलच्या डब्याला टेकवला आणि गॅसवरचं दूध बघायला गेले, रेकॉर्डिंग चालूच राहिलं. अकरा मिनिटं. रात्री बघितलं तर पहिली सात-आठ मिनिटं नुसतं कोरडं, तांबूस कूट. मुसळ पडलं की कडेला उडणारं. आणि मग एका घावाला ते उडायचं थांबतं. मुसळाला चिकटून वर येतं, कडेला तेलाची चकाकी दिसते आणि पुढच्या दोन घावांत त्याचा ओशट गोळा होतो. हे मी लग्न झाल्यापासून रोज बघत होते, आणि दाखवत काय होते, तर बरणी.

त्या घावाच्या दोन घाव आधी क्लिप कापली आणि तिथूनच रील सुरू केली. नाव नाही, नमस्कार नाही. पहिली कमेंट पुण्याच्या एका बाईंची, ‘उखळ दगडी आहे का हो?’ भाव नाही, पत्ता नाही, उखळ! त्याखाली लोकांचं आपसात सुरू झालं, कुणाच्या आजीकडे कसलं उखळ होतं आणि ते आता कुठे पडलंय. ऑर्डरी त्यातूनच आल्या.

तर रीत अशी. पूर्ण काम मध्ये न थांबता रेकॉर्ड करा. नंतर आवाज बंद करून, वेग वाढवून बघा. वस्तूचं रूप पालटतं ती जागा शोधा: भाकरी फुगते, कूट ओशट होतं, कोऱ्या कापडाला काठ लागतो. त्या जागेच्या सेकंदभर आधीपासून रील सुरू करा. पालट होऊन गेल्यावर सुरू केली तर बघायला काही उरत नाही. पाच सेकंद आधी सुरू केली तर अंगठा पुढच्या रीलवर गेलेला असतो.

चादर-टॉवेलवाले म्हणतात, आमच्या मालात असं काही घडतच नाही. घडतं की! ओळखीतला एक टॉवेलवाला कायम घड्यांची चळत दाखवायचा. त्याला म्हटलं, फरशीवर पेलाभर पाणी ओत आणि टॉवेल नुसता वर टाक. टेरीच्या, म्हणजे टॉवेलच्या कापडाच्या, उभ्या फाशांनी पाणी ओढलं की खालची फरशी कोरडी दिसते, तोच तुझा शॉट. एक सावधगिरी: कोरा टॉवेल फिनिशिंगमुळे पहिल्यांदा पाणी नीट पीत नाही. आधी धुऊन वाळवून घ्या, आणि रीलमध्ये तसं सांगाही. नाहीतर तुमच्याच मालाची फजिती तुमच्याच रीलवर.

दुसरी सावधगिरी: हा क्षण परत करून मागू नका. मी मागितला होता. सासूबाई मुसळ हातात धरून म्हणाल्या, ‘काय करूलालीस गं? सुटलेलं तेल परत दाण्यात जातंय होय?’ हुकलं तर पुढच्या घाण्याची वाट बघा. नाटकी कुटणं लगेच ओळखू येतं, हात वेगळा पडतो.

आणि पहिल्या शॉटमध्ये चेहरा नको, हात हवेत. चेहरा दिसला की हे काहीतरी विकणार, असं बघणाऱ्याला कळतं. हात दिसले की तो काम बघत राहतो. तुमचं नाव सातव्या-आठव्या सेकंदाला आलं तरी चालतं.

4. आवाज

मुसळाचा आवाज ठेवा. ‘ट्रेंडिंग गाणं लावा’ हा सल्ला सगळे देतात, पण बिझनेस खात्याला सिनेमाची बहुतेक गाणी मिळतच नाहीत. त्यासाठी खातं बदलत बसू नका, धप् धप् पुरेसं आहे. पंखा बंद करावा लागतो. एप्रिल-मेच्या सोलापुरात पंखा बंद करून सासूला कुटायला बसवणं कुठल्याच सुनेला परवडणार नाही, म्हणून उन्हाळ्याच्या रील्स मी फेब्रुवारीतच करून ठेवते. आम्ही राहतो पूर्व भागात. शेजारी माग चालू असले की मुसळ ऐकूच येत नाही, ते बंद असतील तेव्हाच आमचं रेकॉर्डिंग.

5. पडद्यावरची अक्षरं

पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मोठ्या अक्षरात दोन ओळी. सर्वात खाली लिहू नका, तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं. आपल्याकडे गिऱ्हाईक मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलणारं, तेव्हा शब्द कमी आणि आकडे जास्त.

6. खालचा मजकूर

भाव लिहा. ‘भावासाठी मेसेज करा’ याची मला चीड आहे. विचारायला लावलं की निम्मे लोक महाग असेल म्हणून निघून जातात, आणि उरलेल्यांना तेच उत्तर देण्यात तुमची संध्याकाळ जाते. वजन, भाव, कुरिअरचा खर्च वेगळा की धरून, किती दिवस टिकते, आणि खाण्याचा पदार्थ असेल तर 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा नोंदणीचा) नंबर. पहिली ओळ कामाची हवी, कारण बाकीचा मजकूर दाबल्याशिवाय उघडत नाही. हॅशटॅग तीन-चार, त्यात गावाचं नाव.

7. कधी टाकायची

रोज टाका, असं सांगणाऱ्याने भाकरी थापलेली नसते. आठवड्याला दोन पुरतात. दिवसापेक्षा सण बघा, आणि सणाच्या दिवशी नव्हे, आधी. वेळअमावस्या, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आषाढी हे आपले हंगाम. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीची रील संक्रांतीच्या दहा दिवस आधी गेली, तर मुंबईच्या सोलापूरकराला ती भोगीला ताटात मिळते. संक्रांतीलाच टाकली तर नुसते हात जोडलेले मिळतात. लोगो लावलेली शुभेच्छांची चित्रं तर बंदच करा. त्या दिवशी प्रत्येकाकडे तशी पन्नास आलेली असतात.

8. रील संपल्यावर

कमेंटला त्याच दिवशी उत्तर, तेही नुसता अंगठा नको. ‘उखळ दगडी आहे का’ असं विचारलं तर पुढची रील उखळाची.

मग तीच रील व्हॉट्सॲपवर. तुम्ही स्टेटस ठेवता, ब्रॉडकास्ट (एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना) पाठवता आणि कुणी बघितलंच नाही म्हणून कपाळाला हात लावता. कारण साधं आहे: ज्या गिऱ्हाइकाने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला यातलं काहीच पोचत नाही. एका ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, पण न पोचणारे 256 काय कामाचे? म्हणून ऑर्डर घेतानाच सांगा, ‘नंबर सेव्ह करा, ताजा घाणा निघाला की कळवते.’ पुड्यावरही तसा स्टिकर लावा. चटणीचा असेल तर झाकणावर लावा. बाजूला लावला की दोन दिवसांत तेलाने नंबरच पुसला जातो.