मधल्या गाळ्यातला झोल जाईना: माझा अनुभव

सहा खांब, त्यांच्यामध्ये पाच गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला तारेचा भाग). केबल बांधण्याआधी आधाराची स्टीलची तार ताणली. ओढण्याच्या टोकाला ताणमापक बरोबर आकडा दाखवत होता, तरी कोपऱ्याच्या खांबापलीकडचे दोन गाळे झोळीसारखे लोंबत होते. ताण वाढवला, तर अलीकडची तार वीणेसारखी कडक आणि पलीकडे तोच झोल. तार खांबाला धरून ठेवणारे क्लॅम्पही बदलून पाहिले. दोन दिवस डोकं उठलं.

दोष घर्षणाचा होता. कोपऱ्यावरच्या क्लॅम्पचे बोल्ट अर्धवट आवळलेले, त्यामुळे ताण तिथेच अडत होता.

मग आधी शेवटच्या खांबाचा ताणा (खांब वाकू नये म्हणून जमिनीत बांधलेली तिरकी तार) आवळला, कारण खांबच वाकला तर सगळं मोजमाप वाया. ताण उतरवून मधले सगळे क्लॅम्प सैल केले, कोपऱ्यावर तार कप्पीवर घेतली. पुन्हा हळूहळू ओढताना पलीकडचे गाळे दोरीने हलवत राहिलो. अडकलेली तार तेव्हाच सरकते.

आता मोजणी. खांबाजवळ तारेवर एकच फटका मारायचा. लाट पुढच्या खांबापर्यंत जाऊन परत हाताला धडकते. तीन परतींना 3.6 सेकंद लागले, म्हणजे एका परतीला 1.2. त्याचा वर्ग गुणिले 30.7, म्हणजे झोल सुमारे 44 सेंटीमीटर. गाळ्याची लांबी यात लागतच नाही! प्रत्येक गाळ्याचा झोल, कुठल्या तापमानाला किती झोल हवा त्या तक्त्याशी ताडून पाहिला आणि मगच दूरच्या टोकाकडून ओढण्याच्या टोकाकडे एकेक क्लॅम्प आवळत आलो. पुलर (तार ओढून धरणारं साधन) सगळ्यात शेवटी काढला.