जड बांध्याची शिडाची नौका पारखताना

खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाची होडी चालवायला शिकलेल्या माणसाला खोल समुद्रातील प्रवासासाठी नौका निवडायची असेल, तर हाताला लागलेली सवय आधी बाजूला ठेवावी लागते. तिथली छोटी होडी झुळूक येताच उसळी घेते. आठ-नऊ टनांची जुन्या घडणीची नौका झुळकेला दाद देत नाही, आणि तेवढ्यावरून तिला नापास करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

पहिली पारख पुण्यात घरबसल्या कागदावर करता येते. नौकेचे वजन १,०१६ किलोच्या टनांत मांडावे, जलरेषेवरील (नौका पाण्यात जिथपर्यंत बुडते त्या रेषेवरील) लांबी फुटांत घेऊन तिला १०० ने भागावे, आलेल्या संख्येचा घन करावा आणि त्या घनाने वजनाला भागावे. ‘वेस्टसेल ३२’ ही नौका ८,८४५ किलोंची आणि जलरेषेवर २७.५ फुटांची आहे. तिचे उत्तर ४१८ च्या आसपास येते. ३०० च्या पुढची नौका जड आणि २०० च्या खालची हलकी समजतात. याच लांबीवरून तिची वेगमर्यादाही कळते: २७.५ चे वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे सुमारे ७ नॉट (ताशी ७ सागरी मैल). माझ्या मते दिवसाकाठी १२० सागरी मैलांहून अधिक धरून वेळापत्रक आखू नये.

वजनाचा खरा उपयोग सामान भरल्यावर समजतो. दोघांना महिनाभर माणशी रोज ४ लिटर पाणी धरले तर २४० किलो होतात. साडेतीन टनांच्या नौकेवर हा भार सात टक्के आहे, वेस्टसेलवर तीन टक्क्यांहूनही कमी. मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहैली’तून ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. नाळेप्रमाणे, म्हणजे पुढच्या टोकाप्रमाणे, मागेही निमुळती होत जाणारी ही घडण नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या नौकांपासून आली, आणि वेस्टसेलही त्याच कुळातली.

प्रत्यक्ष पाहणीसाठी दोन खेपा कराव्यात. पहिली पावसाळ्यात, नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना. प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक वीत-वीत अंतरावर हलकेच ठोकत जावे. टणक आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला, तर तिथे आतले लाकूड पाण्याने कुजले असण्याची शक्यता असते. कीलच्या, म्हणजे नौकेच्या बुडाखालच्या उभ्या कण्याच्या, तळाशी गंजाचे ओघळ दिसल्यास आतल्या लोखंडी भारापर्यंत पाणी पोचले आहे का, हे तपासून घ्यावे. सर्वांत जास्त वेळ मात्र चेनप्लेटांना द्यावा, कारण डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचा सगळा ताण या पट्ट्यांवर येतो. वर चकचकीत दिसणारी स्टेनलेस पट्टी, डेकमधून खाली जाते तिथे, हवा न मिळाल्यामुळे आतून खाल्ली जाते. मालकाच्या परवानगीने एक तरी पट्टी काढायला लावावी, ती पुसून भिंगाखाली धरावी आणि बोल्टच्या भोकाभोवती केसासारखी तपकिरी रेघ आहे का ते पाहावे. रेघ सापडली तर सगळ्या पट्ट्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. मालक पट्टी काढूच देत नसेल, तर व्यवहार सोडून द्यावा.

दुसरी खेप नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र निवळल्यावर, १५ ते २० नॉट वारा असेल अशा दिवशी करावी. लांब कील असलेली नौका इंजिनावर मागे घेताना हट्टीपणा करते, हे धरूनच चालावे. शिडे नीट लावून सुकाणूचा दांडा बांधून टाकावा आणि ती किती मिनिटे दिशा धरते ते घड्याळावर मोजावे. मग मोठे शीड आखडावे, नौका वाऱ्यातून वळवताना पुढच्या शिडाचा दोर तसाच अडकवून ठेवावा आणि वळल्यावर दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधावा. चांगली जड नौका अशा वेळी जवळजवळ थबकते, वाऱ्याकडे तिरके तोंड करून सावकाश वाहत राहते. त्या स्थितीत खाली उतरून स्टोव्हवर चहाचे आधण ठेवावे, आणि ते न हिंदकळता उकळते का ते पाहावे.