कंट्रोल-लाइनच्या विद्युत विमानात रेडिओ थ्रॉटल

कंट्रोल-लाइनचे विमान उडवणाऱ्याच्या हातातील हँडलला दोन पोलादी तारांनी बांधलेले असते आणि त्याच्याभोवती वर्तुळात फिरते. हँडल तिरपे केले की पंखातील बेलक्रँक, म्हणजे तारा जोडलेला फिरता तरफ, फिरतो, त्याला जोडलेला पुशरॉड (दांडा) शेपटीवरचा एलिव्हेटर हलवतो आणि विमान वर किंवा खाली जाते. मोटरवर मात्र या दोन तारांचा काहीच ताबा नसतो. छात्रसेनेच्या हवाई शाखेत ज्यांनी अशी विमाने उडवली आहेत त्यांना आठवत असेल की, एकदा सोडलेले इंजिन टाकीतले इंधन संपेपर्यंत आपल्याच लयीत चालत राही. वेग कमी-जास्त करण्यासाठी काहींनी तिसरी तार वापरली. विद्युत मोटर आल्यावर बहुतेकांनी ठरावीक मिनिटांनी मोटर बंद करणारा टायमर बसवला. या टायमरच्या जागी रेडिओचा रिसीव्हर बसवला, तर उड्डाण चालू असताना थ्रॉटल, म्हणजे मोटरची शक्ती कमी-जास्त करण्याचा ताबा, हातात राहतो. नौदलाच्या विमानांसारखे संथ उड्डाण, खऱ्या विमानाच्या प्रतिकृतीचे टॅक्सी करणे (जमिनीवर चाकांवर धावणे) किंवा चुकलेले अवतरण सोडून पुन्हा वर जाणे त्यामुळे शक्य होते.

जोडणी सोपी आहे. टायमर ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घटकाला, जो संकेत देतो, म्हणजे साधारण १ ते २ मिलिसेकंद रुंदीचे स्पंद, तोच रिसीव्हरही देतो. म्हणून ईएससीची तीन तारांची पिन टायमरमधून काढून रिसीव्हरच्या थ्रॉटल वाहिनीत खोचायची. रिसीव्हरला लागणारी वीज ईएससीतील बीईसीमधून (मुख्य बॅटरीतून कमी दाबाची वीज देणाऱ्या भागातून) मिळते आणि विमानात सर्व्हो (भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) नसल्यास हा भार अगदी किरकोळ असतो. रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झचा घ्यावा. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा आपल्याकडे परवान्याविना खुला आहे, आणि वीस मीटरच्या तारेसाठी पल्ल्याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती अँटेनाच्या जागेची: तिचे उघडे टोक सुमारे ३ सेंटिमीटरचे असते आणि ते बॅटरी, कार्बन फायबरचे भाग, पोलादी लीडआउट (बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या तारा) व बेलक्रँक यांच्यापासून दूर आणि सरळ ठेवावे लागते.

ईएससीचे प्रोग्रॅमिंग मात्र टायमरच्या वेळी होते तसेच ठेवून चालत नाही. टायमरसोबत अनेकजण गव्हर्नर मोड वापरतात, ज्यात ईएससी मोटरचे फेरे स्थिर राखतो. पण या मोडमधील हळू सुरुवात काही सेकंद खाते आणि थ्रॉटलला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. वेग सारखा बदलायचा असेल, तर साधा मोड निवडावा. बॅटरीचा विद्युतदाब घसरल्यावर मोटर एकदम तोडण्याऐवजी शक्ती हळूहळू कमी करणारा पर्याय घ्यावा, कारण विमान उलटे असताना मोटर अचानक थांबणे कोणालाच परवडत नाही. त्यानंतर ट्रान्समीटरचा थ्रॉटल वर आणि खाली नेऊन ईएससीला दोन्ही टोके शिकवावीत.

ट्रान्समीटर कोणता आणि कसा धरावा, यावर मतभेद आहेत. एक हात हँडलवर अडकलेला असल्याने दुसऱ्या एका हाताने चालेल अशीच मांडणी हवी. रेडिओ मोटारींचे पिस्तूल धाटणीचे ट्रान्समीटर हातात छान बसतात, पण त्यांचा ट्रिगर सोडल्यावर मधल्या जागी, म्हणजे साधारण १.५ मिलिसेकंदावर येतो आणि विमानाचा ईएससी त्याला अर्धा थ्रॉटल समजतो. म्हणून मधली जागा म्हणजे शून्य आणि पूर्ण ओढलेला ट्रिगर म्हणजे पूर्ण शक्ती, असे ईएससीला शिकवावे लागते. बोट सुटले की मोटर बंद, हा याचा फायदा. आणि विमान डोक्यावर असताना बोट घसरले तरी मोटर बंदच होणार, हा तोटा. मला स्वतःला गळ्यातील पट्ट्याला अडकवलेला, स्प्रिंग नसलेल्या दांडीचा साधा ट्रान्समीटर अधिक भरवशाचा वाटतो. आपण विमानाबरोबरच फिरत असल्यामुळे छातीसमोरचा ट्रान्समीटर नेहमी विमानाच्या बाजूलाच राहतो आणि शरीर संकेताच्या आड येत नाही.

फेलसेफ, म्हणजे रेडिओ संकेत तुटल्यावर मोटर आपोआप बंद होण्याची सोय, तपासल्याशिवाय प्रोपेलर चढवू नये. संकेत तुटल्यावर काही रिसीव्हर शेवटची आज्ञा तशीच चालू ठेवतात. माझ्या पहिल्या विमानात मी हे तपासले नव्हते. ट्रान्समीटरची बॅटरी उड्डाणातच संपली आणि विमानाची बॅटरी संपेपर्यंत मी घेरी येईतो गोल फिरत राहिलो. चूक माझीच होती. प्रोपेलर काढून थ्रॉटल अर्ध्यावर न्यावा आणि ट्रान्समीटर बंद करावा. एका-दोन सेकंदांत मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर थ्रॉटल पूर्ण खाली ठेवून रिसीव्हर पुन्हा बाइंड करावा (ट्रान्समीटरशी नव्याने जोडून घ्यावा), किंवा रिसीव्हरच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे फेलसेफ लावून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

आता खरी अवघड गोष्ट. रेडिओ फक्त मोटर चालवतो. विमान तारांच्या ताणावरच उडते, आणि हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. समजा विमान १.२ किलोचे आहे, वर्तुळाची त्रिज्या १९ मीटर आहे आणि एक फेरी ५.२ सेकंदांत होते. वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर आणि तारांवरचा ताण सुमारे ३.४ किलो येतो. वेग निम्मा केला, तर ताण निम्मा न होता चौथाई, म्हणजे ०.८५ किलो उरतो. विमान थेट डोक्यावर असेल, तर त्याचे १.२ किलो वजन ताणाच्या विरुद्ध खेचते, म्हणजे निम्म्या वेगात तारा सैल पडणारच आणि सैल तारांनी एलिव्हेटर हलत नाही. शिवाय वारा असल्यास, वर्तुळाच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला तो विमानाला आपल्याकडेच ढकलतो. म्हणून थ्रॉटलची खालची पायरी मोटरच्या ऐपतीवर न ठरवता ताणावर ठरवावी. फेरीचा वेळ १.४ पट झाला की ताण निम्मा होतो. वरच्या उदाहरणात ती मर्यादा साधारण ७.३ सेकंदांवर येते, आणि सरावात फेरीला त्याहून जास्त वेळ लागू देऊ नये. ही पायरी केवळ सपाट उड्डाणासाठी आहे. लूप किंवा डोक्यावरून जाणारी कोणतीही कसरत करण्यापूर्वी थ्रॉटल पूर्ववत करावा, आणि वाढलेला वेग प्रत्यक्ष जाणवेपर्यंत एक फेरी थांबावे.

थ्रॉटल झटक्यात उघडण्याचाही एक त्रास आहे. नेहमीच्या दिशेने, म्हणजे मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या प्रोपेलरची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते. आणि वरून पाहता विमान काट्यांच्या उलट फिरत असेल, तर डावा पंख आपल्या बाजूचा असतो, म्हणजे विमान आत कलून तारा सैल होतात. विद्युत मोटरीत यावर सोपा उपाय आहे: मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून ती उलट फिरवावी आणि पुशर (उलट पिळाचा) प्रोपेलर सुलट तोंडाने बसवावा. तरीही ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलची गती मंद करणारी सोय असल्यास शून्य ते पूर्ण हा प्रवास एक सेकंदाचा ठेवावा.

पहिल्या उड्डाणाला विजेच्या तारांपासून पुष्कळ दूर असलेले मैदान आणि वारा जवळजवळ नसलेली सकाळ निवडावी. आधी विमान धरून हँडल विमानाच्या वजनाच्या दहापट ताणाने खेचून पाहावे. मग ट्रान्समीटर चालू करून थ्रॉटल कट (मोटर सुरूच होऊ न देणारी कळ) लावावा आणि सोबत्याने प्रोपेलरच्या मागे राहून बॅटरी जोडावी. आपण हँडलची सुरक्षा-दोरी मनगटात अडकवून एलिव्हेटरची दिशा तपासावी, आणि मगच कट काढावा. विमान वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूने सोडावे, म्हणजे ते ताणलेल्या तारांनीच जमीन सोडते. तीन मीटर उंचीवर दोन फेऱ्या पूर्ण वेगाने झाल्यावर थ्रॉटल एकेक टप्पा उतरवत न्यावा. प्रत्येक टप्प्यावर वारा जिकडून येतो ती बाजू पार होईपर्यंत हाताला ताण कसा लागतो ते पाहावे आणि सोबत्याने फेरीचा वेळ घ्यावा. तार सैल झाल्याचे जाणवताच आधी दोन पावले मागे सरावे, थ्रॉटल नंतर वाढवावा. मोटरला वेग धरायला वेळ लागतो, पावलांना लागत नाही.

उतरताना थ्रॉटल अशा बेताने कमी करावा की चाके पुन्हा वाहत्या वाऱ्याच्या बाजूलाच टेकतील. थांबल्यावर थ्रॉटल कट लावावा, सोबत्याने आधी विमानाची बॅटरी काढावी आणि त्यानंतरच ट्रान्समीटर बंद करावा. चार्जरने बॅटरीत परत किती भरले ते लिहून ठेवावे: २५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत २००० पेक्षा जास्त भरले गेले असेल, तर ट्रान्समीटरमधील टायमरची इशाऱ्याची घंटा अर्ध्या मिनिटाने अलीकडे आणावी.