ग्राफिक्स कार्डचं बायोस फ्लॅश करायच्या आधीची तयारी

बायोस म्हणजे कार्डाच्या एका चिपमध्ये साठवलेला, कार्ड चालू करणारा आणि त्याचा वेग नि पॉवर ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, आणि फ्लॅश म्हणजे तो पुसून दुसरा लिहिणं. प्रत्यक्ष फ्लॅश व्हायला जेमतेम मिनिटभर लागतं, तयारीला मात्र काही दिवस बाजूला काढा. घाई असेल, त्याच मशीनवर उद्या काम द्यायचं असेल, तर आज हात लावूच नका.

आधी बघायचं ते हे की तुमच्या कार्डावर यातलं नेमकं काय चालतं. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवर, म्हणजे केपलर आणि मॅक्सवेल, जीटीएक्स ६०० ते ९०० वाली, बायोसची फाइल ट्वीकर नावाच्या एडिटरमध्ये उघडून पॉवर लिमिट, व्होल्टेज, बूस्टचं टेबल हाताने बदलून परत टाकता यायचं. २०१६ ला पास्कल आलं, जीटीएक्स १०८० वगैरे, तिथपासून कार्ड बायोसची डिजिटल सही तपासतं, त्यामुळे स्वतः बदललेली फाइल ते सहसा घेत नाही, फक्त त्याच ग्राफिक्स चिपच्या दुसऱ्या कार्डाचं मूळ बायोस टाकता येतं, ज्याला आपण क्रॉसफ्लॅश म्हणतो. एएमडीत पोलारिस म्हणजे आरएक्स ४७० पासून ५८० पर्यंतची कार्डं, एडिट करायला सगळ्यात मोकळी. २०१७ च्या व्हेगापासून तिथेही सही आली. पण एएमडीवाल्यांना व्हेगापासून आरएक्स ६००० पर्यंत अजून एक वाट आहे, पॉवर टेबल, म्हणजे पॉवर आणि व्होल्टेजच्या मर्यादांची यादी, विंडोजच्या रजिस्ट्रीतून देता येतं आणि मोअरपॉवरटूल हेच करतं, बायोसच्या चिपला हातच लागत नाही. म्हणून अशा एएमडी कार्डावर फ्लॅश हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

मिळणार काय हेही आधीच नीट समजून घ्या. २०१० च्या डिसेंबरात एचडी ६९५० वर ६९७० चं बायोस टाकलं की बऱ्याच कार्डांचे बंद ठेवलेले शेडर, म्हणजे चित्राचं गणित करणारे छोटे कोर, उघडायचे, १४०८ चे १५३६. तो काळ जवळपास गेला. व्हेगा ५६ ला ६४ चं बायोस दिलं तर कोर तेवढेच राहतात, फायदा होतो तो मेमरीचा, एचबीएमचं, म्हणजे त्या कार्डावरच्या मेमरीचं, व्होल्टेज १.२५ चं १.३५ होतं आणि क्लॉक ८०० वरून ९४५ मेगाहर्ट्झवर जातो. आरएक्स ५७०० वर एक्सटीचं टाकलं तरी शेडर २३०४ च, फक्त क्लॉक आणि पॉवरची मर्यादा वर सरकते.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम, आणि लोक नेमकं हेच टाळतात. बायोसला हात लावायच्या आधी आफ्टरबर्नरमधून, म्हणजे क्लॉक वाढवायच्या (ओव्हरक्लॉकच्या) सॉफ्टवेअरमधून, त्याच कार्डाची खरी मर्यादा शोधा. कोर आणि मेमरी एकदम वाढवू नका, आधी एक मग दुसरं, थोडं थोडं वाढवत जा आणि प्रत्येक पायरीवर गेम किंवा बेंचमार्क चांगला तासभर चालवा, स्कोअर लिहून ठेवा. मेमरीच्या बाबतीत स्कोअर फार महत्त्वाचा आहे, कारण जीडीडीआर५ प्रकारच्या मेमरीमध्ये चूक पकडून डेटा परत पाठवायची सोय असते, त्यामुळे क्लॉक जास्त झाला तरी स्क्रीनवर काहीच दिसत नाही, फक्त आकडा वाढायच्या ऐवजी हळूहळू खाली यायला लागतो. पोलारिसवर एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी एरर मोजलेले दिसतात, तिथे शून्य पाहिजे, थोडेसे एरर चालतील असं समजू नका. सॉफ्टवेअरमधला ओव्हरक्लॉक बिघडला तर रीस्टार्ट केलं की कार्ड मूळ पदावर येतं, बायोसमधला चुकला तर विंडोज यायच्या आधीपासूनच तो लागू असतो. म्हणून जे आकडे सॉफ्टवेअरमध्ये दोनतीन दिवस टिकलेत तेच बायोसमध्ये जाऊ द्या, आणि तेही एक पायरी खाली आणून.

पॉवरचा हिशोबही याच वेळी करून टाका. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. म्हणजे एक ८ पिनवालं कार्ड २२५ च्या आत राहायला हवं. फाइलमध्ये याच्या वरचा आकडा लिहिता येतो, कोणी अडवत नाही, पण वायर, कनेक्टर आणि व्हीआरएम (कार्डावरच्या चिपला व्होल्टेज पुरवणारा भाग) तेच राहतात. व्हीआरएमचं तापमान दिसत असेल तर ते बघा, फक्त कोरचं बघून समाधान मानू नका. धूळ साफ, थर्मल पेस्ट जुनी असेल तर नवी, हे आधीच.

मग बॅकअप. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमधून एक सेव्ह करा, नंतर फ्लॅशच्या टूलमधून, म्हणजे एनव्हीफ्लॅश किंवा एएमडी व्हीबीफ्लॅशमधून, दुसरा, आणि तोच परत एकदा. टूलमधून काढलेल्या दोन फाइल तंतोतंत सारख्या आल्या तरच वाचन नीट झालंय असं धरा. पेनड्राइव्हवर, मोबाइलमध्ये, मेलमध्ये, तिन्हीकडे ठेवा. "बायोस नेटवर मिळतंच की" असं कृपया म्हणू नका. मॉडेलचं नाव तेच असलं तरी आत मेमरी कधी सॅमसंगची असते, कधी हायनिक्सची, कधी मायक्रॉनची किंवा एल्पिडाची, आणि प्रत्येकीची टायमिंग वेगळी. माझ्याकडे एकाच नावाची दोन कार्डं होती, बॉक्स सारखा, स्टिकर सारखं, पहिल्यावर मस्त चाललेली फाइल दुसऱ्यावर टाकली आणि डेस्कटॉपवर रंगीत चौकोन नाचायला लागले, मेमरी वेगळ्या कंपनीची निघाली. त्या दिवशी दुसऱ्या कार्डाचा स्वतःचा बॅकअप होता म्हणून सुटलो.

दुसऱ्या कार्डाची फाइल घेणार असाल तर मेमरीशिवाय अजून काही गोष्टी जुळवून बघा. पॉवर कनेक्टर किती आहेत? तीन ८ पिनवाल्याचं बायोस दोनवाल्यावर टाकलं तर कार्डाची वॅटची मोजणीच चुकते आणि जास्त मिळायच्या ऐवजी कमी पॉवर मिळू शकते. पोर्टची मांडणी वेगळी असेल तर एखादा एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट मेल्यासारखा होतो, पंखे वेगळ्याच स्पीडने फिरतात. बायोसमध्ये यूईएफआयचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बूटचा, भाग आहे का तेही बघा, नसेल आणि मदरबोर्डवर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद असेल तर बूटच्या वेळी स्क्रीन काळीच राहील आणि तुम्हाला वाटेल कार्ड गेलं. लॅपटॉपवाल्यांनी शक्यतो लांबच राहा, तिथे बरेचदा ग्राफिक्सचं बायोस मदरबोर्डच्या बायोसच्या आतच असतं.

परतीची वाट तयार असल्याशिवाय पुढे जायचं नाही. कार्डावर ड्युअल बायोसचा छोटा स्विच असेल तर उत्तमच, एक बाजू मूळच ठेवा, कधीच फ्लॅश करू नका. बिघडलेली बाजू सुधारायची तर चांगल्या बाजूवर बूट करायचं, विंडोज आल्यावर स्विच दुसरीकडे सरकवायचा आणि मग फ्लॅश. स्विच नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का आणि मदरबोर्डच्या पोर्टवरून खरंच चित्र येतं का ते आजच मॉनिटर लावून बघा, नाहीतर कुठलंतरी जुनं कार्ड जवळ ठेवा. आणि तेही जमणार नसेल तर सीएच३४१ए प्रोग्रामर आणि क्लिप, ज्याने ८ पायांच्या बायोस चिपवर थेट लिहिता येतं. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, नव्या बऱ्याच कार्डांवरची चिप १.८ व्होल्टची असते आणि हा प्रोग्रामर त्यापेक्षा जास्त देतो, त्यामुळे मध्ये १.८ चा अडॅप्टर लागतोच. चिपवरचा नंबर भिंगातून वाचा, फोटो काढा, डेटाशीट उघडून व्होल्टेज बघा, मगच क्लिप लावा.

फ्लॅशच्या दिवशी आफ्टरबर्नर बंद आणि त्याचं स्टार्टअपला लागणारं प्रोफाइलही काढलेलं पाहिजे, नाहीतर नव्या बायोसवर जुना ऑफसेट, म्हणजे आधी वाढवलेला क्लॉक, चढतो आणि दोष बायोसला जातो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर घ्या. स्लीप बंद. यूपीएस असेल तर त्यावरच चालवा. एनव्हिडिया असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड डिसेबल करून मगच एनव्हीफ्लॅश. कमांड कागदावर लिहून ठेवा, आणि मशीनमध्ये दोन कार्डं असतील तर कुठला नंबर कुठल्या कार्डाचा हे यादी काढून दोनदा बघा. आयडी जुळत नाही असं टूल म्हणालं की लगेच फोर्स करू नका, क्रॉसफ्लॅशमध्ये तो इशारा येणारच असतो पण तुम्ही स्वतःच्याच कार्डाची एडिट केलेली फाइल टाकताय आणि तरी तो आला तर फाइल चुकीची उचललीय, थांबा.

पोलारिसवाल्यांसाठी शेवटचं. एडिट केलेल्या बायोसची सही ड्रायव्हरला पटत नाही, तो लोडच होत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोण दिसतं, कार्ड मेलं समजून लोक तिथेच घाबरून परत फ्लॅश करत बसतात. त्याला पॅचर, म्हणजे ड्रायव्हरची ही तपासणी काढून टाकणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो, तो आधीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा, चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा.