हृदयरुग्णाकडून प्रश्नावली भरून घेताना

एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग जेमतेम ३० टक्के, म्हणजे बरंच कमी, आणि माणूस जिना चढून गप्पा मारत येतो. दुसऱ्याचा रिपोर्ट बरा, पण अंघोळ करतानाही त्याला धाप लागते. हे यंत्र सांगत नाही, म्हणून प्रश्नावली. हृदयरोगाच्या ओपीडीत फॉर्म भरून घेणं हे माझं रोजचं काम, त्यातून शिकलेलं सांगते.

छातीत दुखणं ही मुख्य तक्रार असेल तर सिअ‍ॅटल अँजायना प्रश्नावली घ्या: १९ प्रश्न, मागच्या चार आठवड्यांबद्दल. हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग अपुरं पडणं) असेल तर कॅन्सस सिटी (२३ प्रश्न, मागचे दोन आठवडे) किंवा मिनेसोटा (२१ प्रश्न) या नावाची प्रश्नावली. एसएफ-३६ ही प्रश्नावली सरसकट सगळ्या आजारांसाठी आहे. गुडघेदुखीही त्यात येऊन बसते. मान्यताप्राप्त मराठी भाषांतरच रीतसर मागवा, घरी बसून शब्द फिरवू नका.

फॉर्म डॉक्टरांना भेटण्याआधी द्या. ‘रिपोर्ट छान आहे’ हे ऐकलं की उत्तरंही छान होतात.

नातेवाइकांना बाहेर बसवा. एकदा एका काकूंना कॅन्सस सिटीतला जिन्याचा प्रश्न वाचून दाखवला, तर काका मधेच म्हणाले, “काही त्रास नाही तिला, लिहा.” काकू हळूच म्हणाल्या, “मी जिना चढतच नाही हो.” तिथे ‘इतर कारणामुळे किंवा हे काम केलंच नाही’ असाही पर्याय असतो; माझा हात तिकडेच चालला होता. थांबले. प्रश्न पुन्हा पहिल्यापासून, ‘धाप किंवा थकव्यामुळे’ या शब्दांसकट वाचला आणि गप्प बसले. “धापेमुळेच सोडलाय,” त्या म्हणाल्या. म्हणजे खूण ‘अतिशय मर्यादा’वर. आपण समजावून सांगायला लागलो की उत्तर आपलं होतं.

तो ‘इतर कारण’वाला पर्याय शून्य धरू नका. ते उत्तर नाहीच असं मानून उरलेल्यांची सरासरी काढा. कॅन्सस सिटीतल्या शारीरिक मर्यादेच्या सहा प्रश्नांपैकी निदान तिनांची उत्तरं हवीत.

गुणांची दिशा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. कॅन्सस सिटी ० ते १००, जास्त म्हणजे बरं. मिनेसोटा ० ते १०५, जास्त म्हणजे वाईट. मी एकदा दोन्ही एकाच रकान्यात भरले आणि सुधारणारा रुग्ण कागदावर खालावला! तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात बाण काढते. कॅन्सस सिटीत साधारण ५ गुणांचा फरक दखल घेण्याजोगा, २० चा मोठा. पहिल्यांदा रुग्णाने स्वतः भरला असेल तर पुढच्या वेळीही त्यालाच भरू द्या, नाहीतर तुलना फसते.

शरीरसंबंधांचा प्रश्न बहुतेक जण कोरा सोडतात. वाचता येणाऱ्यांना मी तो नुसता बोटाने दाखवते, पेन देते आणि फाइली लावायला पाठ फिरवते.